आतल्या बाजूने दोन इंच

मार्च होता. आवारातला बर्फ मिठाने काळा पडलेला.
त्या मिठात तिचं चाक टेकायला नको म्हणून
मिशिगनचे चाळीस मैल
त्याने गाडी ट्रेलरवर निजवून आणली होती.

डेलबर्ट क्राउझे. निवृत्त.
उजव्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेरापर्यंतच.
म्हणाला, मागची दोन. दहाची बारा करायची.
पाचशे घोडे आहेत, जमीन धरतच नाहीत.
पण समोरून कळता कामा नये.

समोरून कधीच कळत नाही, मी म्हटलं.
पाच आरे तसेच, रंग तोच,
मधोमध कंपनीची टोपी तीच.
आम्ही पाठीमागून कापतो.
वाढलेली रुंदी आत जाते,
चिखल आणि मेकॅनिक
एवढेच जिथे डोकावतात.

त्याने खिशातून मातीचे गोळे काढले,
शाळेतली पोरं खेळतात ती रंगीत माती,
चाकाच्या आत, सस्पेन्शनजवळच्या सांदीत
दाबून दाबून चपटी झालेली.
प्रत्येकावर टाचणीने कोरलेली तारीख.
हिरवा: अडीच इंच.
पिवळा: दोन इंच, एक सूत.
पिवळ्यावर अंगठा ठेवून म्हणाला, घासलं तर इथे.
नातवाची का माती?
नाही. मीच विकत घेतली.

पहिलं चाक लेथवर चढवलं
आणि तो म्हणाला, थांबा.
आतल्या कड्यावर, बोटाने धूळ पुसून,
एक त्रिकोण दाखवला. नखाएवढा. एक कोपरा तुटका.
हा माझा ठसा.
बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होतो,
ठसा पडून तुटला, नवा मागितलाच नाही.
गाडी तिसऱ्या मालकाकडून घेतली,
टायर बदलताना हे दिसलं.
आणि दुसऱ्या चाकावर?
दुसऱ्यावर ओटिसचा गोल. ओटिस न बघताच मारायचा.

कापायची रेघ मी अर्धा इंच सरकवली.

मग कापलं. कपच्या
रुपेरी, कुरळ्या, पायाशी ढीग.
मधे नवीन पट्टी बसवली, आणि इमोजीनने
आर्गॉनची नळी सोडली, मास्क खाली घेतला.
ती वेल्डिंग करते तेव्हा बोलत नाही,
जोड नाण्यांची चळत कलंडल्यासारखा पडत जातो,
एकावर एक, एकावर एक.
डेलबर्ट बाकावर बसून सँडविच खात होता,
खरं तर धरून होता.

हौदात आधी ओटिसचं चाक बुडवलं.
दोन्ही तोंडं रबराने बंद, आत हवा.
पाणी गप्प.

मग त्याचं.
बुडबुडा आला. थांबला. दुसरा आला.
इमोजीन वाकली, बराच वेळ वाकून राहिली.
हे माझ्या जोडावरून नाही, ती म्हणाली.
ओतीवातलंच आहे. मूळचं.
आजवर बंद होतं, आच लागली आणि उघडलं.

त्रिकोणापासून दोन सूत अंतरावर
एकेक बुडबुडा
सावकाश वर येत होता.

कोणी काही बोललं नाही. कॉम्प्रेसर तेवढा सुरू झाला,
भरला, बंद पडला.
आम्हाला भिंगं दिली होती, तो म्हणाला.
मग म्हणाला, दिवसाला चारशे चाकं.
मग काहीच नाही.

भरावं लागेल, इमोजीन म्हणाली,
आणि भरताना ठसा थोडा जाईल.
किती?
एक कोपरा. कदाचित दोन.
त्याने आखूड बोटाने त्रिकोण एकदा चाचपला,
भाजी ताजी आहे का बघावी तसा.
भर, म्हणाला.

मेमध्ये त्याचा फोन आला, मागे इंजिनाचा आवाज.
घासत नाही! ओरडून सांगत होता,
पिवळ्या गोळ्याच्या जागी कागद सरकवून बघितला,
सूतभर मोकळं आहे!
आणि समोरून?
समोरून काय, तो म्हणाला, कालच शेजारी
पुसत उभा होता तिच्यापाशी,
म्हणाला, हल्ली कंपन्या
अशी चाकं करतच नाहीत.